ऊन रोको आंदोलन

पश्चिमेचा फ्लॅट विकताना बिल्डरचा सेल्समन एक वाक्य हमखास टाकतो, 'मॅडम, सनसेट व्ह्यू आहे!' आपणही खूश होऊन मान डोलावतो. सनसेट रोज पाच मिनिटांचा असतो आणि त्याआधी तीन तास तोच सूर्य आपल्या बेडरूमच्या काचेला नाक लावून उभा असतो, हे कळायला पहिला मार्च उजाडावा लागतो. मग सुरू होते ती ठरलेली साखळी. आधी पडदे, मग जाड पडदे, मग काचेला ती गॉगलसारखी काळी फिल्म आणि शेवटी हप्त्यावर एसी. ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमध्ये विचारून बघा, बहुतेकांची गोष्ट याच क्रमाने पुढे सरकलेली असते.

या साखळीत एक कडी कुठेच नसते. उन्हाला घराबाहेरच अडवणं. म्हणजे कापड लावायचंच, पण काचेच्या आत नाही, बाहेर. अंतर वीतभराचं, पण सगळा खेळ त्या वीतभरातच आहे. हा फंडा मला कुठल्या इंटिरिअर डिझायनरने शिकवला नाही. तो शिकवला खेडच्या माझ्या मामाने आणि आजीने. शिकवला म्हणजे काय, ते दोघं भांडत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते.

बशीतलं गाव

खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुणेकर मित्रांनो, तुमचं राजगुरुनगर नव्हे! मुंबईहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडली की जेवायला तुम्ही खेडमध्ये. कोकण म्हटलं की आपल्याला समुद्र दिसायला लागतो, पण खेडला समुद्र नाही. जगबुडी नदी आहे, आजूबाजूला डोंगर आहेत आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. इथून तीसेक किलोमीटरवरची दापोली उंचावर, म्हणून ती 'मिनी महाबळेश्वर' म्हणून मिरवते. खेड मात्र खाली, बशीत. समुद्रावरून निघालेला वारा दापोलीचं पठार ओलांडून इथे पोचेपर्यंत दमलेला असतो. गावात गरम पाण्याचं कुंड आहे, पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. एप्रिलमधे त्यासाठी बाहेर पडायची गरज नाही. भर दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडायचा, कुंड घरी!

कोकणातला उन्हाळा विदर्भासारखा आकड्यांनी घाबरवत नाही. माझी रूममेट नागपूरची. ३७ अंश ऐकलं की ती स्वेटर शोधायचं नाटक करते. पण हवामान खातं उगाच वेगवेगळ्या पट्ट्या लावत नाही. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेची भाषा ४० अंशांपासून सुरू होते, किनारपट्टीवर ३७ पासूनच, म्हणजे नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. कारण दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, तो नुसता कपडे भिजवतो. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात एक वेगळंच प्रकरण होतं. जमिनीवरचे पूर्वेचे कोरडे-गरम वारे जोर धरतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो आणि होळीच्या आधीच पारा उडी मारतो. आपण थंडीचे कपडे अजून माळ्यावर टाकलेले नसतात.

आणखी एक. टीव्हीवर सांगतात ते तापमान सावलीतलं असतं. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेल्या थर्मामीटरचं. तुमच्या स्लॅबचं नव्हे, बसस्टॉपचं नव्हे, मोकळ्या मैदानाचं तर अजिबात नव्हे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. लाखोंची ती गर्दी मोकळ्या मैदानात भर उन्हात बसली होती. आमच्या खेडच्या आळीतूनही लोक गेले होते. सावली ही किती फालतू वाटणारी गोष्ट आहे आणि किती मोठी, हे त्या दिवसानंतर आळीत कोणाला सांगावं लागलं नाही.

आजी, स्लॅब आणि तीन मतं

आमच्या आजीचं वय ८१. एकटी राहत नाही, मामा-मामी आहेत, पण मामा लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टला आणि मामी शाळेत. म्हणजे दुपारी आजी एकटीच. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मामी घरी आली तेव्हा आजी पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, बोलणं असंबद्ध. सलाईन लागलं, दोन दिवसांत ठीक झाली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, खोली. वय झालं की तहान कमी लागते, बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं आणि त्यात दिवसभर तापलेल्या खोलीत झोपणं. 'या माणसाला थंड जागा द्या,' एवढंच म्हणाले. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

आता ही खोली म्हणजे घरातली सगळ्यात नवी खोली. जुनं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी. पंधरा वर्षांपूर्वी मामाने मागची बाजू पाडून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या, अॅटॅच्ड बाथरूमसकट. आजीला रात्री अंगण ओलांडायला नको म्हणून तिलाच त्यातली एक दिली. प्रेमाने दिली, हे महत्त्वाचं. पण कौलाचं छप्पर उंच असतं, फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि ऊन उतरलं की कौल तासाभरात गार होतं. स्लॅबचं तसं नाही. तो दिवसभर ऊन पीत राहतो आणि ती उष्णता चार-पाच तासांनी खाली पोचवायला लागतो. म्हणून स्लॅबच्या खोलीत खरी तगमग दुपारी बारापेक्षा संध्याकाळी सातला होते. बाहेर वारा सुटलेला आणि आत छत शेकतंय! त्यातून कोकणातला स्लॅब. चार महिने पाऊस झेलून त्यावर शेवाळ धरतं, ते वाळून काळं होतं आणि काळा रंग ऊन जास्त खातो.

उपाय काय, यावर घरात तीन पार्ट्या पडल्या.

मुंबईच्या मावशीचं मत, एसी लावा, पैसे मी देते. मामाचं मत, गच्चीवर पत्र्याची शेड मारू, ऊन आणि पाऊस दोन्हीचा एकदाच निकाल. आजीचं मत, मला पडवीत झोपू द्या आणि अंगणात मांडव घाला, पूर्वी काय लोक मरत होते? (यावर मामी हळूच म्हणाली, 'हो, मरत होते.')

एसीला माझा तत्त्वतः विरोध नाही. मीही दिवसभर ऑफिसच्या एसीत बसून हे असले लेख टाइप करत असते. पण वळवाच्या पहिल्या ढगाला आमच्या आळीची वीज जाते, आणि आजीला एसीने सांधे धरल्यासारखे वाटतात, म्हणून ती तो गुपचूप बंद करणार हे सगळ्यांना माहीत होतं. पत्र्याची शेड कोकणात आता घरोघरी दिसते आणि तिला कारणही आहे. स्लॅब गळत असेल तर तिला पर्याय नाही. पण खर्च दांडगा, नगरपरिषदेच्या परवानगीचा प्रश्न, आणि जून ते सप्टेंबर डोक्यावर ताशे वाजणार. आमचा स्लॅब गळत नाही. प्रश्न फक्त फेब्रुवारी ते मे, या चार महिन्यांचा.

चौथं मत माझ्याच तोंडून निघालं. दापोलीच्या रस्त्यावर कुठल्याही नर्सरीत जा, आंब्याची कोवळी कलमं हिरव्या जाळीखाली ऐटीत उभी असतात. त्यांना सावली मिळते, तर आजीला का नको?

टक्केवारीचं गणित

भरणे नाक्याजवळच्या शेतीसामानाच्या दुकानात आम्ही गेलो. मालकांना सांगितलं, घराला लावायला शेडनेट हवंय. ते म्हणाले, "घराला नाय लागत ताई, कलमांना लागतं." मग आजीची गोष्ट ऐकल्यावर स्वतःच उठून तीन रोल काढले.

शेडनेट, म्हणजे बोलीभाषेत हिरवी जाळी, हे प्लॅस्टिकच्या धाग्याचं विणलेलं कापड. हे प्लॅस्टिक म्हणजे एचडीपीई, तुमच्या बादलीचं भावंड. त्यावर ३५, ५०, ७५, ९० असे टक्के लिहिलेले असतात. ते किती ऊन अडतं याचे. रोपांना साधारण ५० पुरतं. आपल्याला खिडकी आणि गच्चीसाठी ७५ बरं. ९० ऐकायला भारी वाटतं, पण तेवढं दाट कापड वाराही अडवतं, आणि कोकणात वारा अडवणं म्हणजे गुन्हा. नागपूरला वाळ्याचा पडदा भिजवून खोली गारेगार होते, कारण तिथली हवा कोरडी असते, पाणी पटापट उडतं. खेडमध्ये तोच पडदा लावलात तर वास मस्त येईल, गारवा नाही. इथे एकच मंत्र, ऊन अडवा आणि वारा सोडा. जाळी ते दोन्ही एकाच वेळी करते, ताडपत्री करत नाही.

टक्क्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, हे दुकानदारांनीच सांगितलं. धागा दोन प्रकारचा असतो. चपटा, फितीसारखा, ही स्वस्तातली जाळी. आणि गोल, मासे पकडायच्या तंगुसासारखा, ही महाग पण जास्त टिकणारी. दोन्हींसाठी भारतीय मानक आहे, आयएस १६००८. पण घाऊक रोलमधून कापून देताना छाप कुठला दाखवणार? म्हणून वजन विचारायचं, एका चौरस मीटरला किती ग्रॅम. हलकी जाळी म्हणजे कमी धागा. आणि दुसरा प्रश्न, यूव्ही आहे का? उन्हाला अडवणारं कापड उन्हानेच मरतं, हा यातला विनोद. धाग्यात उन्हापासून वाचवणारं द्रव्य मिसळलेलं नसेल तर जाळी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन बोटांत चुरा होते, आणि तो प्लॅस्टिकचा चुरा वाऱ्याने शेजाऱ्यांच्या विहिरीत जातो. स्वस्तातली घेऊन दर वर्षी फेकण्यापेक्षा एकदाच बरी घ्या.

रंगाचं म्हणाल तर हिरवा सगळीकडे मिळतो, म्हणून सगळे हिरवा घेतात. काळा ऊन खातो आणि स्वतः तापतो, पण उघड्यावर वारा ती धग घेऊन जातो. पांढरा ऊन परतवतो, खोलीत उजेडही छान राहतो, पण मळतो. आमच्याकडे खिडकीला हिरवा लागला. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "बाय, विहिरीच्या तळाला बसल्यासारखं वाटतंय." पुढच्या आठवड्यात मामाने तिथली जाळी बदलून पांढरी लावली. खिडकीसाठी माझं मत पांढऱ्याला, गच्चीसाठी कुठलाही चालेल.

वीतभर बाहेर

आता तो वीतभराचा मुद्दा. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेचा सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ समोर. खिडकीवरचा दीड फुटाचा छज्जा त्या वेळी फूटभरसुद्धा सावली पाडत नाही. चार बाय चारच्या साध्या काचेतून तेव्हा सातशे-आठशे वॅटची उष्णता आत येऊ शकते. म्हणजे एक इस्त्री चालू करून पलंगावर ठेवून दिल्यासारखं. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे त्याच्या ताकदीचा पाचवा हिस्सा ही एक खिडकी खाते. बिल तुमचं.

आत पडदा लावला की काय होतं? ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा पांढरा असेल तर थोडं परत जातं, बाकीचं पडद्यावर अडतं, पडदा तापतो आणि ती धग खोलीतच सोडतो. अंधार होतो, म्हणून आपल्याला गार झाल्याचा भास होतो. तीच सावली काचेच्या बाहेर दिली की तापते ती जाळी, आणि तिची धग बाहेरचा वारा घेऊन जातो. मात्र जाळी भिंतीला चिकटवायची नाही. आम्ही वर छज्जाच्या टोकाला पाईप बांधला, खाली दीड फूट पुढे दुसरा, आणि मध्ये जाळी तिरकी ताणली. मधल्या जागेतून वारा वर जातो, आजीला तिची तुळसही दिसते.

गच्चीवरही तेच. काही लोक जाळी सरळ स्लॅबवर अंथरतात. फुकट जातं. जाळी आणि स्लॅब यांच्यात माणूस वाकून जाईल एवढी तरी जागा हवी. आम्ही डोक्याच्या वर घेतली, म्हणजे कपडे वाळत घालता येतात आणि कोकमं सोडून (कोकमाला कडक ऊनच लागतं, आजीने आधीच बजावलं) बाकीची कामं होतात. आजीच्या खोलीवरच्या भागासाठीच जाळी घेतली, सगळ्या गच्चीला नाही. आधी वाळलेलं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढलं आणि चुन्याचे दोन हात मारले. सगळ्यात स्वस्त काम हेच होतं. मला विचाराल तर जाळीच्या आधी चुना.

सूर्याचं आणखी एक कोडं इथे कळलं. खेडच्या अक्षांशावर मेच्या दहा-अकरा तारखेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब. त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत तो दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून मेमध्ये उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं आणि संध्याकाळचा सूर्य वायव्येच्या बाजूने खिडकीत तिरका घुसतो. आमची जाळी खिडकीच्या मापाची होती, ती उजव्या बाजूने दोन फूट कमी पडली. मापं घ्यायची तर मेमधला सूर्य धरून घ्या, मार्चमधला नको.

माकडं, वळीव आणि लग्नाचा प्रश्न

पुस्तकात नसलेली संकटं खेडमध्ये असतात. पहिलं, माकडं. कौलं फोडायचा कंटाळा आला की ती जाळीवर झोके घेतात. मामाने तिसऱ्या दिवशी जाळीखाली तारेचा आधार दिला, तेव्हा कुठे तिचा पाळणा व्हायचं थांबलं.

दुसरं, वारा. मामाने पहिल्यांदा जाळीच्या नुसत्या कडेला भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली होती. एप्रिलच्या शेवटी वळीव आला आणि अर्ध्या तासात एका बाजूच्या सगळ्या गाठी कापडासकट उपटून गेला. मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग लोट्यातला त्याचा एक वेल्डर मित्र आला, त्याने रीतसर केलं. कडेला पट्टी दुमडून शिवली, हातभर अंतरावर रिंगा ठोकल्या, चार बाजूंनी जीआय तार टर्नबकलने ताणली आणि जाळी तारेला केबल टायने बांधली. टाय मुद्दाम बारीक घेतले. वारा फारच आला तर टाय तुटतील, जाळी मोकळी होईल, पण पाईप आणि पॅरापेट वाचेल. हे मला फार आवडलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे कसे उडाले ते या भागातल्या कोणालाही विचारा. उडणारी वस्तू लवकर सुटणारी असावी, हे इथे शाळेत शिकवायची गरज उरलेली नाही.

तिसरं संकट माझ्यापुरतं. अंगणात मांडव उभा राहिला तेव्हा रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "लग्न कोणाचं?" आणि आजी माझ्याकडे बोट दाखवायची.

हो, मांडवही झाला. आजीने हट्ट सोडला नव्हता आणि खरं सांगू, तिचं बरोबर होतं. पूर्वी पाऊस संपला की कोकणात अंगण चोपायचं, सारवायचं आणि पोफळीच्या नाहीतर बांबूच्या खांबांवर मांडव घालायचा, ही रीत होती. वर झाप, म्हणजे नारळाच्या झावळीचं विणलेलं छप्पर. मुद्दाम करून बघितलं. झावळी मधोमध उभी चिरायची, पाण्यात भिजवून मऊ करायची, मग पाती एकाआड एक ओवत जायचं. आजी खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, मी आणि मामी जमिनीवर. माझे पहिले दोन झाप चाळणीसारखे झाले. आजीने ते वर घालायला नाही सांगितले, माझ्या समाधानासाठी कोपऱ्यात ठेवले.

झापाखालची सावली आणि जाळीखालची सावली यांत फरक आहे, आणि तो बसल्यावर कळतो. झाप जाड, त्यात हवा कोंडलेली, वरून तापला तरी खालून तापत नाही. जाळी पातळ, पाव ऊन तर ती तशीही खाली सोडते. भर दुपारी बारा ते तीन मला अंगणातला झापाचा मांडव जाळीपेक्षा सरस वाटला. पण झाप एकाच मोसमाचा, विणणारे हात आता कमी, आणि ठिणगी पडली तर भडकतो. जाळीही पेटते आणि वितळून थेंब थेंब खाली पडते हे विसरू नका. चुलीजवळ, देवघराच्या समईजवळ, दिवाळीत रॉकेटच्या वाटेवर दोन्ही नकोत. झापाचा एक मोठा फायदा म्हणजे जूनमध्ये तो न्हाणीघराच्या चुलीत जातो. जाळीचं काय करायचं हे अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

तसं बघितलं तर आपण काही नवीन करत नाही आहोत. रोममध्ये कलोसियमवर प्रेक्षकांसाठी कापडाची छत्री ताणायचे, आणि ते काम खलाशांकडे होतं, कारण शीड आणि दोर त्यांनाच कळायचे. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात बाजारपेठेच्या रस्त्यांवर या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कापडं ताणतात आणि लोक खाली आरामात शॉपिंग करतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पुदुच्चेरीत सिग्नलवर थांबणाऱ्या बाइकवाल्यांच्या डोक्यावर हिरवी जाळी ताणली, तिचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. आमच्याकडे मात्र मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली आणि भरणे नाक्यावर एसटीची वाट बघणारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांगेत उभी राहतात. हसू येतं, मग येत नाही.

मग फरक पडला का?

थर्मामीटर घेऊन मी बसले नव्हते, त्यामुळे अंशांत सांगणार नाही. जे बघितलं ते सांगते. पूर्वी संध्याकाळी सातला आजीच्या खोलीत छताखाली हात वर केला की तव्यावर धरल्यासारखा वाटायचा. आता छत कोमट असतं. गच्चीवर जाळीखाली भर दुपारी अनवाणी चालता येतं, जाळीबाहेर पाऊल टाकलं की उडी मारून परत. पंखा तोच, पण आधी तो गरम हवा ढवळायचा. आणि आजी दुपारी दीड तास झोपते, हे मामीने शाळेतून फोन करून करून तपासलेलं आहे. या उन्हाळ्यात सलाईन लागलं नाही. त्याचं सगळं श्रेय जाळीला देणं बरोबर नाही. मामीने तिच्या पलंगाशेजारी तांब्या ठेवून त्यावर खुणा केल्यात, चारपर्यंत कुठली खूण आली पाहिजे ते ठरलंय. शेजारची ताई दुपारी दोनदा डोकावते. फार उकडलं तर तिला पडवीत हलवायचं, हेही ठरलंय. घामाघूम हवेत जाळीने हवा गार होत नाही, फक्त छत आणि भिंती तापायच्या थांबतात, हे डोक्यात पक्कं असू द्या. उष्णतेच्या लाटेत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जाळीच्या भरवशावर सोडून ऑफिसला जाऊ नका.

खर्चाचं मामाने मला बिल दाखवलं. जाळी स्वस्त, लोखंड महाग, वेल्डर मित्र म्हणून मटणावर भागला. सगळं मिळून एका स्प्लिट एसीच्या खाली, आणि पुढच्या वर्षी पाईप तेच राहणार.

आता शहरातल्यांसाठी. फ्लॅटमध्ये गच्ची आपल्या बापाची नसते, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉप फ्लोअरवाल्यांनी एकत्र येऊन स्लॅबला पांढरा रंग आणि टाक्यांवर जाळी एवढं तरी मागावं. बाल्कनी आणि खिडकीसाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्या, 'एलेव्हेशन बिघडतं' म्हणून उद्या सेक्रेटरी काका दारात उभे राहायला नकोत. ग्रिल असेल तर काम सोपं, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला पांढरी ७५ टक्क्यांची जाळी, चार कोपरे आणि मध्ये चार टाय. आग लागली तर बाहेर पडायची खिडकी मात्र बांधू नका. उंच मजल्यावर वारा खेडपेक्षा जास्त असतो, तिथे गुंडाळता येईल असं बाहेरचं ब्लाइंड किंवा बांबूची चिक बरी. मेच्या शेवटी सगळं काढून, धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर. खेडला मृगाच्या आधीचा रविवार ठरलेला आहे. त्याच दिवशी अंगणातला मांडवही उतरतो, म्हणजे माणसं एकदाच बोलवावी लागतात.

माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकीही पश्चिमेलाच आहे. घरमालकांना मेसेज करून तीन आठवडे झाले. त्यांचं 'बघू' आलंय. मामाकडे मुंबईत आणण्यासाठी उरलेली पांढरी जाळी दोन मीटर पडून आहे, पुढच्या मांडवीने ती येतेय.